चिनी वैद्यकातली ऋतुचर्या आणि मनाचा तोल : नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

शांघायला येऊन मला सहा वर्षं झाली. पहिल्याच जूनमध्ये मी खचले. इथे जूनच्या मध्यापासून तीन-चार आठवडे पाऊस लागून राहतो. त्याला ‘मेइयू’ म्हणतात, कारण त्याच दिवसांत मेइ नावाची आंबट फळं पिकतात. मी रत्नागिरीकडची, पावसात वाढलेली. पण हा पाऊस ओल्या गोधडीसारखा अंगावर बसला. पहाटे तीनला झोप मोडायची, दिवसभर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं, लेकीवर कारण नसताना आवाज चढायचा.

शेजारच्या काकूंनी मला जोंगयीकडे, म्हणजे चिनी वैद्यकाच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या वर्षभरात मी बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमानं केल्या. आधी औषधं घेतली, मग सुया टोचून घेतल्या, त्यानंतर खाणं बदललं आणि झोपेकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे: आधी दिवसाची घडी, मग ताट, मग श्वास आणि हालचाल, औषध सर्वांत शेवटी. चांगले चिनी डॉक्टरही हेच सांगतात, पण भाषा नीट येत नसेल तर ते कानावरून निघून जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. चीनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसांना हे जसंच्या तसं उपयोगी पडेल. भारतात राहून यात रस असलेल्यांसाठी शेवटचा टप्पा वेगळा लिहिला आहे.

१. आधी हे तपासा : तुम्हाला एवढं पुरेल का?

ऋतू बदलला की येणारी उदासी, चिडचिड, उगाचची काळजी, झोपेची ओढाताण यांसाठी ऋतुचर्या चांगली आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. चीनमध्ये मोठ्या रुग्णालयांत त्याचा स्वतंत्र विभाग असतो. तातडीच्या मदतीसाठी १२० हा क्रमांक आहे आणि मानसिक आधारासाठी १२३५६. भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

नैराश्याची किंवा चिंतेची गोळी आधीपासून चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. ‘आता नैसर्गिक उपचार घेतोय’ म्हणून गोळ्या सोडलेली दोन माणसं मी इथे पाहिली. दोघांचाही त्रास आधीपेक्षा वाढला.

२. ‘यकृत’ म्हटलं की घाबरू नका

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाल्या, ‘गान ची यूज्ये’. भाषांतराच्या ॲपनं सांगितलं, ‘यकृताची ची अडकली आहे.’ मी ते फोनवर आईला सांगितलं आणि तासाभरात सगळ्या घराला माझं लिव्हर बिघडल्याचं कळलं. आईनं सोनोग्राफीचा आग्रह धरला. यकृताच्या तपासण्या केल्या, सगळं ठणठणीत निघालं.

चिनी वैद्यकातलं ‘गान’ म्हणजे बरगडीखालचा तो अवयव एवढाच अर्थ नाही. शरीरात आणि मनात जे काही वाहतं, ते मोकळं वाहू देण्याचं काम ‘गान’कडे दिलेलं आहे. ‘ची’ म्हणजे आपण ‘प्राण’ किंवा ‘जीव’ म्हणतो त्याच्या जवळपासचं काहीतरी. राग गिळला, मनाविरुद्ध जगावं लागलं की हे वाहणं तुंबतं, अशी ती कल्पना.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर सोपं आहे. आपलं ‘काळीज’ मटणवाल्याकडे यकृत असतं आणि आईच्या बोलण्यात हृदय. लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. चिनी आई ‘शिनगान’ म्हणते, शब्दशः हृदय-यकृत. सुमारे दोन हजार वर्षं जुन्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात भावनेनं ची कशी हलते ते सांगितलं आहे. रागानं ती वर चढते, भीतीनं खाली उतरते, दुःखानं झिजते, फार विचारानं तिची गाठ बसते. आता आपली बोली आठवा: डोक्यात सणक जाते, भीतीनं पायातलं बळ जातं, दुःखानं माणूस झुरतो, काळजीनं पोटात गोळा येतो. भावना शरीरात कुठेतरी घडते, हे आपल्याकडेही भाषेनं कधीच मान्य केलेलं आहे.

जोड्या पाठ करून ठेवा, पुढे लागतील: वसंत – यकृत – राग; उन्हाळा – हृदय – अतिहर्ष आणि उतावीळपणा; उन्हाळ्याचा दमट शेवट – प्लीहा – काळजी; शरद – फुप्फुसं – दुःख; हिवाळा – मूत्रपिंड – भय. या जोड्या म्हणजे एक जुना नकाशा आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं शरीरशास्त्र ते नव्हे. आणि कृपा करून त्यावर वात-पित्त-कफ बसवू नका. मी वर्षभर ‘हे म्हणजे पित्तच की’ करत राहिले आणि दोन्हीकडचं अर्धवट कळलं.

३. चोवीस ज्येचींची दिनदर्शिका लावा

चिनी ऋतुचर्या चार ऋतूंवर थांबत नाही. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग केलेले आहेत, त्यांना ज्येची म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या संक्रांतींसारखीच ही सूर्यावरची गणना आहे. फरक इतकाच, की ही सायन आहे, म्हणजे प्रत्यक्ष ऋतूंशी जुळवून मोजलेली. त्यामुळे दोंगझी, म्हणजे हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, २१ किंवा २२ डिसेंबरला येतो आणि आपली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्याला.

सुरुवातीला सगळ्या चोवीस लक्षात ठेवायची गरज नाही. एवढ्या पुरे:

- ली-छुन (४ फेब्रुवारीच्या आसपास) : वसंताची चाहूल
- चिंगमिंग (४-५ एप्रिल) : पूर्वजांच्या कबरी साफ करण्याचा दिवस
- ली-श्या (५-६ मे) : उन्हाळा सुरू
- ली-च्यू (७-८ ऑगस्ट) : शरदाची सुरुवात, कागदावर; प्रत्यक्षात घाम गळत असतो
- बाय-लू (७-८ सप्टेंबर) : ‘पांढरं दव’, इथून हवा खरी कोरडी होते
- ली-दोंग (७-८ नोव्हेंबर) : हिवाळा सुरू
- दोंगझी

मोबाइलमध्ये नोंद करा आणि प्रत्येक तारखेच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस झोप, भूक, मनःस्थिती एकेका ओळीत लिहा. ही वही पुढे डॉक्टरांकडे सोन्यासारखी कामाला येते.

४. दिवसाची घडी आणि ताट, ऋतूप्रमाणे

वसंत. ‘नेइजिंग’मध्ये सांगितलं आहे, की या दिवसांत थोडं उशिरा झोपावं, लवकर उठावं, अंगणात मोठ्या ढांगा टाकत फिरावं, केस मोकळे सोडावेत, कपडे सैल असावेत. केस मोकळे सोडा हा वैद्यकीय सल्ला वाचून मी थबकले होते. पण करून पाहा. मार्चच्या वाऱ्यात, घट्ट बांधलेलं सगळं सैल करून वीस मिनिटं चालल्यावर मानेपासून खांद्यापर्यंत काहीतरी सुटतं. या दिवसांत राग पटकन येतो असं इथे सगळेच धरून चालतात, त्यामुळे घरात भांडण झालं तर ‘वसंत आहे’ म्हणून थोडी सूट मिळते. ताटात हिरव्या कोवळ्या भाज्या, चायनीज चाइव्ह, शांग-छुन नावाच्या झाडाचे तांबूस कोंब. आंबट कमी. चिंगमिंगला इथे ‘चिंगथ्वान’ मिळतात, हिरव्या रसात मळलेल्या चिकट तांदळाच्या उंड्यांत गोड पुरण भरलेलं. उकडीचे मोदक आठवतात, पण एकदम चार खाल्ले तर पोटात दगड होतो. थंडी गेली म्हणून लगेच स्वेटर काढायचा नाही, हा इथल्या सगळ्या आज्यांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

उन्हाळा. सकाळी लवकर उठा, दुपारी अर्धा तास पडा. इथे दुपारच्या झोपेला कुणी आळस म्हणत नाही; ऑफिसातही लोक टेबलावर डोकं टेकून झोपतात. ‘सूर्याचा कंटाळा करू नका, मनात राग साठवू नका’ अशी जुनी शिकवण आहे. खाण्यात हिरव्या मुगाचं पातळ सार, कारलं, कोहळा. मुगाचं सार आपल्या कढणासारखंच, फक्त फोडणी नसते. मूग फुटेपर्यंत उकळायचे, हवी तर चिमूटभर खडीसाखर. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बर्फाचं पाणी बंद. इथे भर उन्हाळ्यात कोमट पाणी देतात याचा मला पहिली दोन वर्षं संताप यायचा. आता मला थंड पाणी सोसत नाही.

उन्हाळ्याचा दमट शेवट. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त झोंबतो तो हा काळ. दमटपणा प्लीहेला बाधतो आणि प्लीहेची भावना म्हणजे काळजी, तोच तोच विचार. अंग जड, जिभेवर जाड थर, डोकं चिखलानं भरल्यासारखं. माझी जूनची अवस्था हीच होती. उपाय साधे आहेत: गोड, तळलेलं आणि दही-दूध कमी, रात्रीचं जेवण हलकं, लाल चवळी आणि ‘यीमी’ नावाच्या धान्याचं पाणी. यीमी गरोदरपणात टाळतात, हे लक्षात ठेवा. आणि घर कोरडं ठेवा. आर्द्रता शोषणारं यंत्र घेणं ही माझ्या मते त्या महिन्यातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे.

शरद. हवा कोरडी, घसा कोरडा, आणि संध्याकाळी विनाकारण डोळे भरून येतात. फुप्फुसं आणि दुःख यांची जोडी इथे पटते. लवकर झोपा, कोंबड्याबरोबर उठा. या दिवसांत घरोघरी पेअर शिजतात. मी असं करते: मोठा पेअर वरून झाकणासारखा कापायचा, चमच्यानं बिया कोरून काढायच्या, आत दोन खडे खडीसाखर आणि लिलीच्या कंदाच्या भिजवलेल्या पाकळ्या, म्हणजे बायह, भरायच्या. कापलेलं झाकण पुन्हा ठेवून वाटीत उभा करायचा आणि मोदकपात्रात अर्धा तास वाफवायचा. वाटीत तळाशी जो पातळ गोड रस जमतो, तो आधी प्यायचा. मधुमेह असेल तर साखर वगळा. पेअर स्वतःच पुरेसा गोड असतो.

शरदातल्या रडण्याला इथे कुणी अडवत नाही. ते दाबू नये, पण त्यात बुडूनही राहू नये, म्हणून लोक दुपारच्या उन्हात डोंगर चढायला जातात. चांद्र नवव्या महिन्याच्या नवमीला त्याचा सणच आहे.

हिवाळा. लवकर झोपा आणि उशिरा उठा, ऊन येईपर्यंत अंथरूण सोडू नका. हा सल्ला मला फार आवडतो: मन असं ठेवा, जणू तुमच्याकडे एक गुपित आहे आणि ते सांगायचं नाही. नवे मोठे निर्णय, वादविवाद, कामांचा डोंगर वसंतावर ढकला. शांघायमध्ये घरांना सामायिक हीटिंग नसतं, त्यामुळे थंडी हाडांत शिरते. रोज रात्री लाकडी बादलीत पाय बुडवून बसा: पाणी साधारण चाळीस अंश, पंधरा-वीस मिनिटं, कपाळावर बारीक घाम आला की थांबायचं. घामाघूम व्हायचं नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असेल तर पाणी दुसऱ्याला हातानं पाहायला सांगा, कारण भाजलेलं कळत नाही. दोंगझीला उत्तरेत डंपलिंग आणि दक्षिणेत थांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाचे उकडलेले उंडे, खातात. काळे तीळ या ऋतूत मूत्रपिंडासाठी चांगले मानतात. संक्रांतीचा तिळगूळ मी इथे त्याच खात्यात टाकते.

५. श्वास आणि हालचाल

सकाळी सहाला कुठल्याही बागेत जा. बादुआनजिन करणारा घोळका हमखास भेटेल. आठ हालचालींचा हा संच बारा-पंधरा मिनिटांत होतो, गुडघ्यांवर ताण नाही, कपडे-साहित्य काही लागत नाही. घोळक्याच्या मागच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. कुणी हाकलत नाही. उलट दुसऱ्या दिवशी एखादी आज्जी येऊन तुमचा हात सरळ करते.

सातवी हालचाल रागासाठी फार चांगली आहे: घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून एक मूठ सावकाश पुढे न्यायची आणि डोळे वटारायचे. मी नुसती मूठ पुढे करत होते. मला शिकवणाऱ्या आज्जींनी माझ्यासमोर येऊन स्वतःचे डोळे असे मोठे केले, की मी दचकले. ‘डोळ्यांतून जाऊ दे,’ त्या म्हणाल्या. राग कुणावर न काढता डोळ्यांतून बाहेर सोडायचा. लेकीवर ओरडण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन मी हे आजही करते.

दुसरा प्रकार ल्यूज़ज्युए, म्हणजे सहा ध्वनी. श्वास सोडताना एकेक ध्वनी: यकृतासाठी ‘शू’, हृदयासाठी ‘हऽ’, प्लीहेसाठी ‘हू’, फुप्फुसांसाठी ‘स्स’, मूत्रपिंडांसाठी ‘छ्वे’ आणि सहावा ‘शी’. ज्याचा ऋतू चालू आहे तो एक ध्वनी घ्या आणि सहा वेळा, सावकाश, पोट आत जाईपर्यंत सोडा. सगळे सहा रोज करायची गरज नाही.

दाबायचे दोन बिंदू घरी ठेवा. नेइग्वान: मनगटाच्या आतल्या घडीपासून स्वतःची तीन बोटं वर, दोरीसारख्या लागणाऱ्या दोन कंडरांच्या मध्ये. छातीत धडधड, मळमळ, घाबरलेपण यासाठी. थायछोंग: पायाच्या अंगठा आणि शेजारच्या बोटामधून घोट्याकडे बोट सरकवा, हाडं जिथे जुळतात त्या खळग्यात. राग आलेला असला की तिथे चांगलंच दुखतं. एकेक मिनिट दाबा, नखं लावू नका. गरोदर असाल तर कुठलाही बिंदू डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबू नका.

हे दोन-तीन महिने केल्यावर काढ्याची गरज कदाचित उरणार नाही. उरली, तर पुढे चला.

६. रुग्णालयात जाताना

सरकारी चिनी-वैद्यक रुग्णालयातच जा. फलकावर ‘जोंगयीय्वेन’ लिहिलेलं असतं. शांघायमध्ये लोंगहुआ आणि शूग्वांग ही विद्यापीठाशी जोडलेली मोठी रुग्णालयं आहेत. मी सुरुवातीला एका मॉलमधल्या ‘आरोग्य केंद्रा’त गेले होते, तिथे नाडी न बघताच तीन महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारलं. पैसे परत मिळाले नाहीत. पॅकेज, सवलत आणि ‘आजच ठरवा’ ही भाषा ऐकली की उठून या.

सोबत काय न्यायचं:

- मूळ पासपोर्ट (नोंदणी त्यावरच होते) आणि चालू मोबाइल क्रमांक
- वीचॅट किंवा अलीपे, पैसे भरायला
- कंपनीतर्फे सामाजिक विमा असेल तर त्याचं कार्ड
- चालू औषधांची यादी, कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा. शक्य तर चिनीत
- जुने रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड
- पाळीच्या शेवटच्या तीन तारखा
- वही: झोप, भूक, शौच, घाम, मनःस्थिती
- ‘मी शाकाहारी आहे’ ही चिठ्ठी (‘वो छ्र सू’), चिनी अक्षरांत लिहून घेतलेली

पहिली पायरी ग्वाहाव, म्हणजे नोंदणी. ती फोनवरून आदल्या दिवशी करा. साधा क्रमांक घेतलात तरी चालतं. नावाजलेल्या तज्ज्ञांचा क्रमांक महाग आणि दोन मिनिटांत संपणारा. नोंदणी, तपासणी, पैसे, औषध ही चार ठिकाणं वेगळी असतात आणि आधी पैसे भरल्याशिवाय पुढचं काही होत नाही. पावती फेकू नका.

७. तपासणी : जीभ घासू नका

हे सगळ्या मराठी वाचकांसाठी ठळक सांगते. आपण सकाळी उठून जिभेची पट्टी चालवतो. त्या दिवशी नाही. डॉक्टर जिभेच्या थरावरून बरंच वाचतात आणि आपण तोच खरवडून जातो. हळदीचं काही, कॉफी, जांभळं हेही टाळा, थराचा रंग बदलतो. लिपस्टिक नको, नेलपॉलिश नको. जिने धावत चढून थेट आत जाऊ नका; दहा मिनिटं बसा, नाडी शांत होऊ द्या.

तपासणीचे चार भाग असतात: पाहणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं, नाडी. माझ्या डॉक्टर साठीच्या पुढच्या होत्या. टेबलावर वीतभर लांबीची निळी उशी होती, तिचा मधला भाग मनगटांनी झिजून पांढरा पडलेला. त्यांनी माझा हात त्यावर ठेवला आणि तीन बोटं टेकवली. आधी हलकी, मग थोडी दाबून, मग अगदी हाडापर्यंत. खिडकीबाहेर बघत होत्या. दुसरा हात. मग विचारलं, ‘सुस्कारे टाकतेस का?’

मी म्हटलं, नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘दिवसभर टाकते.’

सुस्कारा हे अडकलेल्या ‘गान’चं जुनं लक्षण आहे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला एवढंच वाटलं, की माझ्या छातीवरचा दगड कुणीतरी पाहिला. झोप कधी मोडते, स्वप्नं पडतात का, पाय गार असतात का, कुणाशी बोलायला आहे का, असे वीसेक प्रश्न त्यांनी विचारले. उत्तरं खरी द्या. ‘बरं आहे’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे कामाचं नाही.

८. काढा आणि गोळ्या

बहुतेक वेळा पहिली चिठ्ठी सात दिवसांची असते. तीन पर्याय विचारतात: सुटी औषधी घरी उकळणं, रुग्णालयानं उकळून दिलेली पाकिटं, किंवा गरम पाण्यात विरघळणारी भुकटी. नवख्यानं पाकिटं घ्यावीत. फ्रीजमध्ये ठेवायची, पाकीट न फोडता गरम पाण्याच्या भांड्यात बुडवायचं, मग कोपरा कापून कोमट प्यायचं, साधारणपणे दिवसातून दोनदा. चव काडेचिराइताच्या जवळपासची. नाक दाबून नका पिऊ, घोट अडकतो.

घरी उकळायचं असेल तर मातीचं किंवा चिनीमातीचं भांडं घ्या, लोखंड नको. अर्धा तास भिजवा, उकळी आली की मंद आचेवर वीस-तीस मिनिटं. गाळा, पुन्हा पाणी घालून दुसरा काढा करा, दोन्ही एकत्र करून दोन भाग करा. चिठ्ठीवर एखाद्या औषधापुढे ‘आधी उकळा’, ‘शेवटी टाका’, ‘पुरचुंडीत बांधा’ असं लिहिलेलं असतं. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांतच टाकायचा, नाहीतर त्याचा वास उडून जातो.

मनाच्या अडकलेपणासाठी सगळ्यात प्रसिद्ध योग म्हणजे श्यावयाव, सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेला. नावाचा अर्थ निश्चिंत भटकणं. त्यात चायहू, दांगग्वेइ, बायशाओ, बायझू, फूलिंग या चिनी औषधींबरोबर ज्येष्ठमध, पुदिना आणि आलं असतं. आठांतली तीन आपल्या घरात आहेत. त्याच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात आणि सापळा तोच आहे. तुमची तक्रार अडकलेपणाची आहे की अशक्तपणाची, हे नाडी-जीभ न पाहता ठरत नाही. मैत्रिणीला लागू पडल्या म्हणून घेऊ नका.

आता इशारे. यात मी जराही सूट देणार नाही.

शाकाहारींनी चिठ्ठी वाचून घ्यावी. झोपेच्या आणि घाबरलेपणाच्या योगांत ‘मूली’ (शिंपला) आणि ‘लोंगगू’ (जीवाश्म हाडं) बऱ्याचदा असतात. ‘अज्याव’ हा गाढवाच्या कातड्याचा डिंक. शांघायच्या भागात हिवाळ्यात गावफांग नावाचा च्यवनप्राशासारखा घट्ट पाक दोंगझीपासून पन्नासेक दिवस खातात, त्यात अज्याव आणि साखर दोन्ही बहुधा असतात. आधी सांगितलंत तर डॉक्टर बदलून देतात.

ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. दांगग्वेइ आणि दानशेन ही मुळं रक्त पातळ करण्याच्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांशी जुळत नाहीत. हशोऊवू या औषधीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मन शांत करणाऱ्या काही जुन्या गोळ्यांत ‘झूशा’, म्हणजे आपला हिंगूळ असतो, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींतलं आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि त्यानं कर्करोग होतो. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात ती वनस्पती चुकून गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. चीननं २००३ मध्ये त्यातल्या ग्वानमूथोंगवर बंदी घातली. म्हणून ऑनलाइन, नावगाव नसलेली, घटकांची यादी नसलेली पुडी कधीही घेऊ नका. महिन्याहून जास्त काढा चालू राहिला तर यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा आणि जोंगयीला गोळ्यांबद्दल.

९. सुया, कप, मोक्सा

सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या असाव्यात. टोचल्यावर जड, आंबल्यासारखं वाटतं. वीज गेल्यासारखी तीव्र कळ आली तर लगेच सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. छाती-पाठीवर टोचणारा माणूस परवानाधारक डॉक्टरच असावा, कारण तिथे फुप्फुसाला इजा होऊ शकते. नैराश्यावर सुयांचा गुण किती, याचे पुरावे अजून कच्चे आहेत. मला झोपेसाठी फरक वाटला. तुम्हाला सहा वेळांत काहीच वाटलं नाही तर थांबा.

कपिंगचे, म्हणजे हवा ओढून त्वचेवर चिकटवलेल्या कपांचे, जांभळे वण आठवडाभर राहतात, लग्नकार्य असेल तर आधी करू नका. मोक्सा म्हणजे आय नावाची वनस्पती जाळून दिलेला शेक, त्याचा धूर होतो. दमा असेल तर टाळा.

१०. भारतात परतल्यावर

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणलं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. औषधी येताना सुट्या पुडीत आणू नका. मूळ वेष्टन आणि चिठ्ठी सोबत ठेवा आणि प्राण्यांपासून केलेलं काही आणूच नका.

आणि ज्येचीच्या तारखा तिथे लावू नका. त्या पीत नदीच्या खोऱ्यातल्या हवेवर बसवलेल्या आहेत. ली-च्यूला शरद म्हणून पेअर वाफवायला बसाल, तेव्हा रत्नागिरीत श्रावणाची झड लागलेली असते. घरी गेले की मी तारीख सोडते आणि हवा बघते. भिंतीला ओल आली, कपडे वाळेनात, की दमट महिन्याचं पथ्य: गोड-तळलेलं कमी, रात्री हलकं. ऑक्टोबरचा उष्मा संपून ओठ फुटायला लागले की शरदाचं. थंडी पडली की पाय गरम पाण्यात. आई आता बादली स्वतःच भरून ठेवते, आणि सोनोग्राफीचं नाव काढत नाही.